डुकरांच्या श्वसनरोगाचा विषाणू आणि त्याची वंशावळ

वराहपालनाच्या धंद्याला जगभर सर्वांत अधिक तोटा पोचविणाऱ्या रोगांत 'वराह प्रजनन व श्वसन रोगा'ची गणना होते. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'पीआरआरएस' असे संबोधिले जाते. या रोगावर रामबाण औषध नाही. एकदा तो कळपात शिरला म्हणजे त्याचे निर्मूलन करणे कष्टाचे व खर्चाचे असते. म्हणून हा रोग कळपात कोणत्या वाटेने आला हे वेळीच कळणे फार महत्त्वाचे आहे. कारण वाट कळली तरच ती बंद करता येते. रोगाची वाट शोधून काढण्याचे एक खात्रीचे साधन आता शास्त्रज्ञांच्या हाती आले आहे. ते म्हणजे विषाणूच्या जनुकद्रव्याचे वाचन. हे वाचन कसे करतात, त्यापासून आजवर काय निष्पन्न झाले आणि त्यात गावच्या कार्यकर्त्याचा व पशुपालकाचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

रोगाचे स्वरूप

या रोगाची लक्षणे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार गाभण माद्यांत दिसतो. डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. त्याच्या अखेरच्या टप्प्यात माद्या गाभ टाकतात, किंवा मुदतीच्या आधी वितात. काही पिले मेलेली, काही गर्भातच सुकून गेलेली, तर काही जिवंत परंतु इतकी अशक्त उपजतात की त्यांना आचळ धरण्याचेही त्राण नसते. दुसरा प्रकार दूध तोडलेल्या व वाढत्या पिलांत दिसतो. त्यांना ताप येतो, ती खाणे सोडतात, पोट हलवीत जलद श्वास घेतात, आणि त्यांची वाढ खुंटते. काही जनावरांचे कान निळसर पडतात, यावरून या रोगाला 'निळा कान' असेही नाव पडले आहे.

फुप्फुसांत शिरलेले जंतू गिळून नष्ट करणाऱ्या पेशी निसर्गाने प्राण्यांच्या ठिकाणी नेमलेल्या आहेत. हा विषाणू नेमका त्याच पेशींत शिरून वाढतो व त्यांचा नाश करतो. राखणदारच मारला गेला म्हणजे घर उघडे पडावे, तशी फुप्फुसांची अवस्था होते आणि एरवी फारसा उपद्रव न देणारे इतर जंतूही तेथे बळावतात. पुष्कळदा पिले दगावतात ती या दुसऱ्या जंतूंच्या हल्ल्यामुळे.

बरे झालेले जनावरही निर्धोक नसते. त्याच्या शरीरात हा विषाणू कित्येक आठवडे, क्वचित पाच महिन्यांपर्यंतही, दडून राहू शकतो. नराच्या वीर्यातून तो तीन महिन्यांपर्यंत बाहेर पडत असल्याचे आढळले आहे. माणसाला मात्र हा रोग होत नाही.

एकच रोग, दोन विषाणू

अमेरिकेत १९८७ साली हा रोग प्रथम दिसून आला. कारण कळेना, म्हणून कित्येक वर्षे त्याला 'गूढ रोग' असेच म्हणत. पुढे १९९० च्या अखेरीस जर्मनीत आणि १९९१ च्या आरंभी नेदरलँड्समध्ये तशीच साथ उद्भवली. त्याच वर्षी नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथील पशुरोग संस्थेने त्याचा विषाणू वेगळा केला. तो गाभण माद्यांच्या नाकात सोडून तोच रोग पुन्हा उत्पन्न करून दाखविला, आणि कारण निर्विवाद सिद्ध केले. १९९२ साली अमेरिकेतही विषाणू सापडल्याचे प्रसिद्ध झाले.

लक्षणे एक आणि काळही जवळजवळ एक. तेव्हा अटलांटिक महासागर ओलांडून एकाच विषाणूने दोन्ही खंडांत प्रवेश केला असावा, असा तर्क स्वाभाविक होता. परंतु दोन्ही विषाणूंचे जनुकद्रव्य वाचून पाहताच हा तर्क ढासळला. त्या दोहोंत शेकडा चाळीसच्या आसपास फरक आढळला. इतका फरक चार-दोन वर्षांत पडणे शक्य नाही. अर्थात हे दोन विषाणू फार पूर्वीच एकमेकांपासून विभक्त होऊन दोन खंडांत स्वतंत्रपणे वाढले होते. तेव्हापासून त्यांचे युरोपीय म्हणजे पहिला आणि अमेरिकी म्हणजे दुसरा असे दोन प्रकार मानले जातात. डोळ्यांना एक दिसणारे दोन रोग मुळात भिन्न कुळांतले असू शकतात, हा या वाचनाने शिकविलेला पहिला धडा होय.

विषाणूची लिपी आणि तिचे वाचन

प्रत्येक सजीवाच्या घडणीची आज्ञा त्याच्या जनुकद्रव्यात लिहिलेली असते. या विषाणूचे जनुकद्रव्य 'आरएनए' नावाच्या पदार्थाचे असून ती आज्ञा केवळ चार अक्षरांच्या लिपीत असते. सबंध मजकुराची लांबी सुमारे १५,००० अक्षरे भरते. विषाणू वाढतो तेव्हा या मजकुराच्या असंख्य नकला होतात, आणि नकला करताना चुका होतात.

छापखाने नव्हते त्या काळी पोथ्या हाताने उतरून घेत असत. नकलणाराच्या हातून एखादे अक्षर सुटे, एखादे बदले. आणि त्या नकलेवरून पुढे ज्या पोथ्या उतरल्या जात त्या सर्वांत तीच चूक कायम राही. पोथ्यांचे अभ्यासक अशा समान चुका हुडकून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे ठरवितात. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अशाच नकलांतून शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. विषाणूंच्या वंशावळीचे तत्त्व हेच आहे. दोन कळपांतील विषाणूंत एकाच जागी एकच बदल वारंवार दिसू लागला, तर त्यांचा पूर्वज एक होता असे समजावे.

प्रयोगशाळेत हे काम येणेप्रमाणे चालते. रोगी जनावराच्या रक्तातून किंवा फुप्फुसाच्या तुकड्यातून प्रथम आरएनए वेगळे करतात. आरएनए हा नाजूक पदार्थ असल्यामुळे त्याची टिकाऊ डीएनएमध्ये नक्कल उतरवितात. मग त्या डीएनएच्या हव्या त्या भागाच्या कोट्यवधी प्रती यंत्राने तयार करतात व अखेरीस अक्षरांचा क्रम वाचतात. बहुधा सबंध मजकूर न वाचता विषाणूच्या बाह्य आवरणाचे एक प्रथिन घडविणारा सुमारे ६०० अक्षरांचा भाग वाचला जातो, कारण त्यात बदल लवकर होतात.

आता समजा, दोन कळपांतील विषाणूंच्या या ६०० अक्षरांची तुलना केली आणि दोन-तीनच अक्षरे भिन्न निघाली. तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे, किंवा दोघांकडेही एकाच तिसऱ्या ठिकाणाहून, अलीकडेच आला असला पाहिजे. उलटपक्षी साठ अक्षरे भिन्न निघाली, तर शेजारी शेजाऱ्यावर ठेवीत असलेला दोष निराधार ठरतो. दोन्ही कळपांत रोग वेगवेगळ्या वाटांनी शिरला असे म्हणावे लागते. हे ध्यानात ठेवले पाहिजे की, केवळ साम्यावरून रोग कोणाकडून कोणाकडे गेला ही दिशा ठरत नाही. त्यासाठी तारखा लागतात. जनावर केव्हा विकत घेतले, नर केव्हा आणला, पहिले पिलू केव्हा आजारी पडले, याची नोंद नसेल तर अक्षरांचे वाचन अर्धेच राहते.

डेन्मार्कमधील दोन प्रसंग

या वाचनाने किती मोठा प्रश्न सुटू शकतो, हे डेन्मार्कमधील अनुभवावरून दिसून येते. तेथे १९९२ पासून युरोपीय प्रकारचा रोग होता. त्याच्या प्रतिबंधासाठी १९९६ च्या जुलैपासून, रोगग्रस्त कळपांतील पिलांना एक जिवंत लस टोचण्यास आरंभ झाला. ही लस अमेरिकी प्रकारच्या विषाणूला सौम्य करून बनविलेली होती. थोड्याच महिन्यांत, जेथे लस मुळीच टोचली नव्हती अशाही कळपांत मृत पिले जन्मू लागली व त्यांच्यात अमेरिकी प्रकारचा विषाणू आढळू लागला. देशात पूर्वी नसलेला हा विषाणू आला कोठून?

त्याचे जनुकद्रव्य वाचल्यावर तो लशीतील विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. काही मोजक्या जागी मात्र सौम्य केलेले अक्षर पालटून पुन्हा मूळच्या उग्र विषाणूचे अक्षर आलेले होते. टोचलेल्या पिलांपासून लशीचा विषाणू इतर जनावरांत पसरला आणि पसरताना त्याचा सौम्यपणा काही अंशी गेला, असे सिद्ध झाले.

दुसरा प्रसंग २०१९ सालचा आहे. त्या वर्षी जुलैमध्ये डेन्मार्कमधील एका वीर्यकेंद्रातील नरांत हा रोग आढळला. तोपर्यंत त्यांचे वीर्य अनेक कळपांत पोचून माद्यांना दिले गेले होते. या विषाणूचा सबंध मजकूर वाचला असता त्याचा काही भाग एका लशीच्या विषाणूशी, तर उरलेला भाग दुसऱ्या लशीच्या विषाणूशी जुळला. एकाच जनावराच्या शरीरात दोन विषाणू एकत्र आल्यास त्यांच्या मजकुराची अशी सरमिसळ होऊ शकते. ६०० अक्षरांचा एकच भाग वाचला असता तर ही गोष्ट उघडकीस आली नसती.

यावरून लस निरुपयोगी आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. लशीमुळे नुकसान पुष्कळ कमी होते. परंतु जिवंत लस हे दुधारी शस्त्र आहे. ती शासनाच्या परवानगीवाचून, कोणाच्या तरी सांगण्यावरून, चोरून आणून टोचणे म्हणजे स्वतःच्या हाताने रोग विकत घेणे होय.

चीनमधील साथ : खूण आणि कारण

२००६ साली चीनमध्ये या रोगाने अत्यंत भयंकर रूप धारण केले. एरवी हा रोग मोठ्या जनावरांना सहसा मारीत नाही. या साथीत मात्र जोराचा ताप येऊन मोठी डुकरेही मेली. वीस लाखांहून अधिक डुकरांना बाधा झाली आणि सुमारे चार लाख दगावली. आरंभी वराहज्वराचा संशय होता. परंतु तपासाअंती कारण हाच विषाणू असल्याचे निश्चित झाले.

त्याचा मजकूर वाचताना एक ठळक खूण आढळली. विषाणूच्या एका प्रथिनातील ३० घटक गळालेले होते. एका जागी १ आणि त्यापासून काही अंतरावर सलग २९. पोथीतून जणू एक शब्द आणि पुढे एक ओळ नाहीशी व्हावी, तसाच हा प्रकार होता. या खुणेवरून उग्र विषाणू ओळखणे सोपे झाले. साहजिकच, ही गळतीच विषाणूच्या उग्रपणाचे कारण असावी असा समज पसरला.

शास्त्रज्ञांनी मात्र तो समज तसाच स्वीकारला नाही. त्यांनी प्रयोगशाळेत विषाणूचा मजकूर हेतुपुरस्सर बदलून, गळालेला भाग भरून काढलेला विषाणू तयार केला व त्याची डुकरांवर परीक्षा घेतली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांवरून असे दिसून आले की, उग्रपणाचा त्या गळतीशी संबंध नाही. ज्या कुळात ही खूण पडली ते कूळ उग्र निघाले, इतकेच. कपाळावर पांढरा टिळा असलेला एखादा बैल मारका असला, तर टिळ्यामुळे तो मारका झाला असे कोणी म्हणत नाही. परंतु त्या टिळ्यावरून तो बाजारात ओळखता मात्र येतो. खूण ही ओळखण्यासाठी असते. ती कारण आहे किंवा नाही हे प्रयोगानेच ठरवावे लागते.

भारतातील आगमन

भारतात या रोगाची पहिली साथ २०१३ साली मिझोराममध्ये नोंदली गेली. मिझोरामच्या सरहद्दी म्यानमार व बांगलादेश या देशांना भिडलेल्या आहेत. तेथे घरोघरी डुकरे पाळण्याची रीत आहे, आणि कित्येक कुटुंबांची मुलांच्या शिक्षणाची व अडीअडचणीची तरतूद या जनावरांवरच असते. त्या साथीत गाभण माद्यांनी गाभ टाकले आणि लहानमोठी डुकरे मेली.

तेथील विषाणूचे जनुकद्रव्य वाचले तेव्हा तो दुसऱ्या म्हणजे अमेरिकी प्रकारचा निघाला. आणि ३० घटकांच्या गळतीची ती ओळखीची खूणही त्यात जशीच्या तशी आढळली. अर्थात हा विषाणू चीनमध्ये २००६ साली उग्र झालेल्या कुळातला होता. मधल्या काळात हे कूळ व्हिएतनाम आणि आग्नेय आशियातील इतर देशांत पसरलेले होते. मेलेल्या डुकरांकडे नुसते पाहून ही गोष्ट कोणालाही सांगता आली नसती. अक्षरे वाचली म्हणूनच रोगाची वाट पूर्वेकडून येते हे ध्यानी आले आणि डुकरांच्या ने-आणीवर नजर ठेवण्याचे महत्त्व पटले.

विषाणूला पाय नाहीत. एका गावाहून दुसऱ्या गावी तो मुख्यतः जनावरांबरोबर, वीर्याबरोबर, अस्वच्छ वाहनातून आणि माणसांच्या चिखलाने भरलेल्या पादत्राणांवरून जातो. म्हणून मिझोरामचा हा धडा महाराष्ट्रासह जेथे जेथे बाहेरून डुकरे आणून पाळली जातात, त्या प्रत्येक ठिकाणी लागू आहे.

पशुपालकाने व ग्रामकार्यकर्त्याने काय करावे

प्रयोगशाळेतील यंत्रे कितीही उत्तम असली तरी तेथवर नमुना पोचलाच नाही तर ती काही सांगू शकत नाहीत. उन्हात राहिलेल्या नमुन्यातील आरएनए नष्ट होते, आणि मग अक्षरेच उरत नाहीत. सबब पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. एकाहून अधिक माद्यांनी गाभ टाकल्यास, किंवा पिलांना ताप व धाप लागून ती मरू लागल्यास, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. वराहज्वर आणि २०२० साली भारतात प्रथम आढळलेला आफ्रिकी वराहज्वर यांतही ताप येतो, कान निळसर पडतात व जनावरे मरतात. नुसत्या डोळ्यांनी यांतील भेद करता येत नाही. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांसंबंधी २००९ सालचा केंद्रीय कायदा असून, त्यात नमूद केलेल्या रोगांचा संशय येताच वर्दी देण्याचे कर्तव्य पशुमालकावर आहे.

२. रक्ताचे नमुने पशुवैद्यानेच घ्यावेत. मेलेली पिले किंवा पडलेले गर्भ न फाडता दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या पेटीत ठेवावेत. त्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये. हा विषाणू माणसाला बाधत नसला तरी गाभ टाकण्यास कारण होणारे दुसरे काही रोग माणसाला होऊ शकतात.

३. वाढत्या पिलांच्या गटाची तपासणी करण्याची एक सोपी रीत आहे. पशुवैद्याच्या सांगण्यावरून स्वच्छ सुती दोर पिलांच्या खांद्याच्या उंचीवर टांगावा. पिले तो कुतूहलाने चघळतात. वीस-तीस मिनिटांनी दोर पिळून निघालेली लाळ नळीत भरावी व बर्फात ठेवून पाठवावी. जनावरांना धरण्याचा त्रास त्यामुळे वाचतो.

४. प्रत्येक नमुन्यावर तारीख, गाव, मालकाचे नाव व जनावराचे वय लिहावे. महाराष्ट्रातील नमुने पशुवैद्यामार्फत पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातात. परदेशातून आलेल्या रोगांचा अंतिम निर्णय भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतो.

५. एक साधी वही ठेवावी. जनावर कोणाकडून व केव्हा घेतले, कोणता नर दाखविला, कोणते वाहन आले, कोण भेटीस आले, हे तारीखवार लिहावे. अक्षरांच्या वाचनाला दिशा मिळते ती या वहीमुळे.

६. नवीन आणलेले जनावर निदान तीस दिवस कळपापासून दूर ठेवावे व कळपात सोडण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी. नर उसना आणण्याची पद्धत शक्य तो सोडावी.

७. रोगाची शंका येताच एकही जनावर विकू नये किंवा बाजारात नेऊ नये.

ही शेवटची सूचना पाळणे सर्वांत कठीण आहे. डोळ्यांदेखत जनावरे मरू लागली म्हणजे उरलेली मिळेल त्या किमतीला विकून चार पैसे सोडवावेत, असे ज्याचे सर्वस्व त्या कळपात आहे त्याला वाटणे साहजिक आहे. त्यात त्याचा दुष्ट हेतू नसतो. परंतु आजाराची छाया पडलेले एक जनावर बाजारातून दहा गावांना रोग वाटीत जाते, आणि वर्ष-सहा महिन्यांनी तोच रोग नवीन पिलांबरोबर पहिल्याच्या दारी परत येतो. अशा मालकाला नुसता कायद्याचा धाक घालून भागत नाही. त्याच्या घरी जाऊन, त्याच्याजवळ बसून, नमुना का हवा आणि वही का हवी हे त्याला समजावून दिले पाहिजे. विषाणूची अक्षरे दूरच्या प्रयोगशाळेत वाचली जातात खरी. पण त्या वाचनाचा आरंभ गावातल्या वराहगृहापाशी, बर्फात जपून ठेवलेल्या एका नळीपासून आणि प्रामाणिकपणे लिहिलेल्या एका तारखेपासून होतो.